वाकड्या पडद्याची मोहीम

आज्ञा जाहली कीं नाकाचा मजकूर साद्यंत लिहून ठेवणें. त्यावरून पाहिलें-ऐकिलें तैसें लिहितों, पदरचें मीठ चिमूटभरच.

हेडक्लार्कसाहेब घोरूं लागले म्हणजे तोफखाना सुटून तावदानें थरथरत, आणि हें मोठें दुखणें म्हणून सर्व गृहराज्यांत मान्य होतें, आणि त्याकरितां वाफ, लेप, उंच उशी ऐशी तजवीज सदोदित चाले. त्यांच्या कुटुंबाचें, म्हणजे बाईसाहेबांचें, कपाळ मात्र बारा वर्षें ठणकत होतें, भुंवयांमध्यें कोणी खिळा ठोकावा तैसें. त्यास मान्यता नव्हती. बाईसाहेब लोकांचे कपडे शिवीत, म्हणून खापर आधीं सुईवर फुटलें, मग चष्म्यावर, मग खाशा सासूबाईंनीं फर्मान काढिलें कीं हीं कामचुकार नाटकें होत. बाईसाहेबांस लेप नको, उशी नको. दुखतें, इतकें कोणी कबूल करावें. तेंही होईना.

अखेर तोफखाना बंद करण्याची मसलत ठरोन स्वारी नाकाच्या डाक्तरांकडे निघाली. पिछाडीस सासूबाई घसा खाकरीत चालल्या. तो चौघडा त्यांचा अष्टौप्रहर.

आतां त्या घराण्याचा दस्तूर ऐसा कीं साहेबांपुढें जें यावें तें बाईसाहेबांनीं आधीं पारखावें: चहा कढत आहे काय, न्हाणीचें पाणी पोळतें काय, फार काय, नवा जोडा चावतो काय. डाक्तरांनीं दिव्याची बारीक नळी उपसतांच साहेबांच्या तोंडचें पाणी पळालें, नेत्रपल्लवी जाहली, आणि बाईसाहेब नित्याप्रमाणें पुढें होऊन उंच खुर्चीवर बसल्या. डाक्तरांनीं हीच रोगी समजोन नळी नाकांत घातली.

मग म्हणाले, "नाकातला मधला पडदा वाकून आतल्या भिंतीला टेकलाय. किती वर्षं डोकं दुखतंय?"

हा सवाल कोणी केला नव्हता. बाईसाहेबांनीं पदर डोळ्यांस लाविला.

मग साहेबांसही खुर्चीवर चढविलें आणि निवाडा जाहला, तो ऐसा कीं पडदा दोघांचाही वाकडा, बाईंचा दुप्पट. डाक्तरांच्या पाहण्यांत पुरुष बहुधा नाक चोंदल्याची आणि घोरण्याची फिर्याद आणितात, बायका कपाळाची, आणि उतारवयांत तेंच दुखणें पुष्कळदां घशांत उतरोन खाकरावयास लाविते. गाजेल तो आजार आणि मुकाट ठणकेल तें नाटक, ऐसा कायदा नाकास ठाऊक नाहीं.

पिछाडीचा चौघडा एकाएकीं थांबला. सासूबाई स्वतःच्या नाकास हात लावून, सुनेकडे न पाहतां बोलल्या, "तुझ्या वयात माझंही असंच ठणकायचं गं. माझ्या सासूबाईही नाटकंच म्हणायच्या."

आणि जातीनें खुर्चीवर चढल्या.

शस्त्रक्रियेची पहिली तारीख बाईसाहेबांस मिळाली. साहेबांनीं तात्काळ मंजुरी दिली, कीं दस्तुराप्रमाणें आधीं तिनेंच पारखावें. घरीं परतल्यावर चहा मात्र साहेबांनीं केला, तो सासूबाईंनीं चाखिला, आणि पोळत नाहीं ऐसें पाहून सुनेपुढें ठेविला. ऐशी फत्ते जाहली. बारा वर्षें दुखत होतें तें खरोखरीच दुखत होतें, हें घरच्या दप्तरीं कायम केलें.