कॉम्प्रेसरमधला चौथीचा वर्ग

चिखलातून फिरून आलेल्या गाडीच्या एसी कॉम्प्रेसरमध्ये चौथीचा वर्ग भरतो आहे, हे निदान कराडच्या हमीद शिकलगारांनी पाऊण तासात केलं.

गाडी वृंदा कासेगावकरांची होती. त्या पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला होत्या आणि डोंगरातल्या वस्त्यांवर जाऊन झऱ्यांचे नमुने आणायच्या. आदल्या गुरुवारी निवळीखोऱ्याला त्यांची गाडी शाळेच्या पटांगणात आसापर्यंत रुतली. ती शाळा दोन वर्षांपूर्वी बंद झाली होती. दीड तास पुढे-मागे करून वृंदाताईंनी गाडी बाहेर काढली आणि घरी आल्यावर धुतली. दुसऱ्या दिवसापासून एसी लावला की बॉनेटखालून खरखर येऊ लागली.

एसी ही त्यांच्याकडे चैन नव्हती. सासूबाईंना, म्हणजे इंदुमतीबाईंना, दम्याचा जुना त्रास होता. दर मंगळवारी त्यांना उपचारासाठी पुण्याला न्यावं लागे. घाटात रस्त्याचं काम चालू होतं आणि पाऊस चार दिवस थांबला की धूळ उडायची, त्यामुळे काचा बंद ठेवूनच जायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आज शनिवार होता.

हमीदभाईंनी बॉनेट उघडलं. "एसी बंद करा, ताई. आता लावा. बंद असताना आवाज नाही, म्हणजे पट्टा आणि पुली बरी आहे. एसीचा क्लच बसला की सुरू होतोय. आतलंच काम आहे."

त्यांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर घेतला, त्याचं टोक कॉम्प्रेसरला लावलं आणि मूठ कानाला लावून बराच वेळ उभे राहिले.

"बेअरिंग गेली का?" वृंदाताईंनी विचारलं.

"बेअरिंग नाही. वर्ग आहे. चौथीचा. तेराचा पाढा चाललाय."

वृंदाताईंनी स्क्रूड्रायव्हर स्वतःच्या कानाला लावला. तेराचाच पाढा होता.

"पाढ्याचा त्रास नाही," हमीदभाई म्हणाले. "तेर सक अठ्ठ्याहत्तरपर्यंत सगळे एका सुरात जातात. तेर सातेला निम्मे एक्क्याण्णव म्हणतात, निम्मे ब्याण्णव. तिथं घासतंय. असंच चालू राहिलं तर महिनाभरात क्लच जळेल."

"मग उपाय काय?"

"कॉम्प्रेसर उतरवायचा आणि प्रेशरनं धुवायचा. संध्याकाळपर्यंत गाडी देतो. पण वर्ग जाईल गटारात."

"धुवा," वृंदाताई म्हणाल्या. "मंगळवारी मला पुण्याला पोचायचंय."

मागच्या सीटवर इंदुमतीबाई बसल्या होत्या. त्यांनी बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांमधून शिकवलं होतं. दार उघडून त्या सावकाश खाली उतरल्या, सुनेच्या हातातला स्क्रूड्रायव्हर घेतला आणि ऐकू लागल्या. त्यांचा चेहरा हळूहळू कडक होत गेला.

"यांना बाई नाहीत," त्या म्हणाल्या. "कुणी चूक दुरुस्त करायलाच नाही, म्हणून तिथंच अडकलेत. हमीदभाई, माझा आवाज आत कुठून जाईल?"

"डॅशबोर्डवरच्या जाळीतून, माई. पण पंखा बारीक ठेवा. मोठा केला तर ऐकू जाणार नाही."

"आई, डॉक्टरांनी तुम्हाला कमी बोलायला सांगितलंय," वृंदाताई म्हणाल्या.

"मी बोलणार कुठे आहे? शिकवणार आहे."

गॅरेजमध्येच दोघींचा थोडा वाद झाला. आईंच्या छातीपेक्षा एक वर्ग मोठा नाही, असं सुनेचं म्हणणं होतं. सासूबाईंचं म्हणणं एवढंच होतं, की वर्ष सुरू असताना वर्ग मोडत नसतात. शेवटी हमीदभाईंनी सांगितलं, की शिकवणी चालू असताना आपण पाण्याचा पाइप हातात घेणार नाही, दुसरा मेकॅनिक बघा. कराडात एसीचा दुसरा भरवशाचा मेकॅनिक नव्हता.

कागदोपत्री काही राहू नये म्हणून सोमवारी केंद्रप्रमुख रणपिसे यांना बोलावलं. ते वेळेवर आले. त्यांनी चपला काढून गाडीत बसून वर्ग ऐकला आणि मांडीवर रजिस्टर उघडलं.

"निवळीखोऱ्याची मुलं खाली रस्त्यावरच्या शाळेत दाखल झालेली आहेत," ते म्हणाले. "पंधराच्या पंधरा. सगळ्यांची नावं तिथं आहेत, आणि मुलंही तिथंच आहेत. मी स्वतः मोजली आहेत."

"मग हे कोण?" वृंदाताईंनी विचारलं.

"हा वर्ग आहे. मुलं खाली गेली, वर्ग मागे राहिला असणार. शाळा बंद करताना बाकं मोजली, फळा मोजला, घंटा जमा केली. वर्ग मोजायचा राहिला." त्यांनी पान उलटलं. "वर्ग आहे पण विद्यार्थी नाहीत, असा रकाना माझ्याकडे नाही. म्हणून शिक्षकाचं पद देता येणार नाही. निवृत्त शिक्षिका मानसेवी शिकवणार असतील तर हरकत घेण्याचाही रकाना नाही."

"आणि एसी बंद असेल तेव्हा?"

"मधली सुट्टी धरू."

मंगळवारी सकाळी सात वाजता पहिला तास झाला. इंदुमतीबाई पुढच्या सीटवर बसल्या, जाळीजवळ तोंड नेलं आणि म्हणाल्या, "बसा खाली." बॉनेटखाली खुडबुड झाली आणि थांबली. घाट लागेपर्यंत त्यांनी एकच ओळ घेतली. तेर साते एक्क्याण्णव. एकेक रांग वेगळी म्हणायला लावली. चढावर वृंदाताईंनी गाडी दाबली तसा वर्ग भराभर म्हणू लागला.

"वृंदा, हळू चालव. घाईनं म्हटलं की पोरं गिळतात."

वृंदाताईंनी गिअर बदलला. सासूबाईंना धाप लागत होती. दर तीन वाक्यांनंतर त्या थांबत, पंप ओढत आणि पुन्हा जाळीकडे वळत. वृंदाताईंनी दोनदा एसी बंद करण्यासाठी हात पुढे केला आणि दोन्ही वेळा मागे घेतला. साताऱ्याकडच्या खंडाळ्याच्या अलीकडे ती ओळ पहिल्यांदा सगळ्यांनी एका सुरात म्हटली आणि खरखर थांबली. गाडीत एकदम शांत झालं. मग वर्ग पुढे गेला, तेर आठे, तेर नव्वे, तेर दाहे, आणि इंदुमतीबाईंनी डोळे पुसले. धुळीनं पाणी आलं, असं त्या म्हणाल्या. काचा बंद होत्या.

पावसाळा गेला, थंडी आली. जानेवारीत गरज नसताना एसी लावून दोघी शाली गुंडाळून पुण्याला जात होत्या, कारण भागाकार राहिला होता. वृंदाताई आता वाटेत घाई करत नसत. एखाद्या मंगळवारी सासूबाईंचा आवाज बसलेला असला की जाळीकडे झुकून त्याच प्रश्न विचारत, आणि उत्तर बरोबर आलं की सासूबाईंकडे बघत. फेब्रुवारीत डॉक्टरांनी फुंकर मारायच्या यंत्रावर आकडा बघितला. तो वाढला होता.

"बोलणं कमी केलेलं दिसतंय," ते म्हणाले.

"हो," इंदुमतीबाई म्हणाल्या.

वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये गॅरेजसमोरच्या लिंबाखाली झाली. रणपिसे स्क्रूड्रायव्हर कानाला लावून प्रश्न विचारत होते आणि हमीदभाई इंजिन चालू ठेवून बसले होते. इंदुमतीबाईंना नियमाप्रमाणे दहा फूट लांब बसवलं होतं. वाचन झालं, परिसर अभ्यास झाला, तोंडी गणितं झाली.

"तेर साते?" रणपिशांनी विचारलं.

उत्तर आलं नाही. रणपिशांनी प्रश्न पुन्हा विचारला. काहीच नाही. त्यांनी घड्याळ बघून पेन्सिल उचलली. इंदुमतीबाई अर्ध्या उठल्या आणि त्यांचा हात वृंदाताईंच्या मनगटावर घट्ट बसला.

"थांबा, साहेब!" हमीदभाई ओरडले. "क्लच सुटलाय. गाडी आतून गार झाली की आपोआप सुटतो. यात वर्गाची चूक नाही."

"उत्तर ठरलेल्या वेळेत यायला हवं."

"वेळ क्लच बसल्यापासून मोजा. त्याआधी त्यांना प्रश्न ऐकूच आलेला नाही."

रणपिशांनी विचार केला आणि हे म्हणणं मान्य केलं. गाडीची चारही दारं उघडली. बाहेरचं ऊन आत शिरायला दोन मिनिटं लागली. मग टक् झालं, क्लच बसला, आणि रणपिशांनी तिसऱ्यांदा विचारायच्या आतच उत्तर आलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"एक्क्याण्णव," ते म्हणाले. "वर्ग उत्तीर्ण."

इंदुमतीबाई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

चौथीपुढे त्या वर्गाला कॉम्प्रेसरमध्ये ठेवता येणार नव्हतं. प्राथमिकची मर्यादा तिथंच संपत होती. रणपिशांनी दाखला लिहिला आणि वर्ग हायस्कूलच्या बसकडे वर्ग केला. बसला एसी नव्हता, पण डायनॅमोजवळ जागा होती. हमीदभाईंनी कॉम्प्रेसर उतरवला, क्लचच्या चकतीमागची वाळलेली माती ब्रशनं झाडून स्टीलच्या डब्यात घेतली आणि स्वतः जाऊन बसमध्ये बसवून आले. ड्रायव्हरला त्यांनी सांगितलं, की पहिले काही दिवस आवाज येईल, घाबरू नका, नवीन शाळा आहे.

त्यानंतर एसी बिनआवाज चालू लागला. मंगळवारी दोघी गप्प बसून पुण्याला जाऊन येत. वृंदाताईंनी एकदा रेडिओ लावून पाहिला. सासूबाईंनी काही म्हटलं नाही, म्हणून त्यांनीच तो बंद केला.

जुलैच्या दुसऱ्या मंगळवारी गावाबाहेरच्या चढावर त्यांच्या पुढे हायस्कूलची बस होती. पहिल्या गिअरमध्ये घरघरत, धूर सोडत ती चढत होती. समोरून रस्ता मोकळा होता. वृंदाताईंनी इंडिकेटर दिला. इंदुमतीबाईंनी काच अर्धी खाली केली आणि मान बाहेर कलती केली.

"ओव्हरटेक करू नकोस," त्या म्हणाल्या. "भूमिती चाललीय."

वृंदाताईंनी इंडिकेटर बंद केला आणि चढ संपेपर्यंत गाडी बसच्या मागेच ठेवली. त्या दिवशी त्या दवाखान्यात अठरा मिनिटं उशिरा पोचल्या. रिसेप्शनवरच्या मुलीनं कारण विचारलं, वृंदाताईंनी सांगितलं, आणि तिनं ते रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.