छावणीच्या दवाखान्याची नवी वहिवाट

श्रीधन्वंतरी प्रसन्न. ऐकणारांनी चित्त स्थिर करावे, सांगणारास घाई नाही. शके १६४१, विकारीनाम संवत्सरे, वैशाखमासी नदीपलीकडील राज्य युद्धात जळाले आणि तेथील रयत अंगावरच्या वस्त्रानिशी ऐलतीरी आली. महाराज दयाळू; त्यांनी माळावर छावणी घालून दिली, धान्य दिले आणि वैद्य अनंतभट यांस दवाखाना मांडण्याची आज्ञा केली. मग ज्वर आणि जखमा चार महिन्यांत आटोपल्या आणि मागे राहिले ते तीनशे रोगी मधुमेहाचे, दम्याचे, काळजाच्या दुखण्याचे. हे रोग कैसे, तर तान्ह्या लेकरासारखे. वेळच्या वेळी भरविले तर निमूट निजतात, एक वेळ चुकली तर घर डोक्यावर घेतात, आणि घर सोडून तर कधीच जात नाहीत. हे दरबारास उमगेना. अमात्यांनी विचारिले, "चार महिने औषध खाऊन बरे होत नाहीत, ते रोगी की सोंगाडे?" मग सुधारणा ठरली ऐसी की, दर पौर्णिमेस कारकून हैबतराव यांनी छावणीत जावे, प्रत्येकास विचारावे, आणि जो स्वमुखे दुखणे सांगेल त्याचेच औषध चालवावे. भटांसही यात वावगे दिसले नाही.

परंतु पैलतीरच्या लोकांची रीत ऐसी की, ज्याचे धान्य खातो त्याच्यापुढे दुखणे मांडणे म्हणजे त्याच्या अन्नास नाव ठेवणे. पौर्णिमा आली आणि हैबतराव येऊन बसले. तुळाजी जिनगर म्हणून साठीचा कारागीर, मधुमेहाने पायाचा अंगठा काळा पडलेला, तो पाय धोतरात झाकून उभा राहिला.

"काही त्रास?"

"छे छे, सरकारकृपेने खडखडीत."

"खडखडीत!" बायको येसूबाई मागून बोलली. "मग सकाळपासून कण्हतंय कोण, मी? अहो, अंगठा तरी दाखवा त्यांना."

"तू गप्प. खाल्ल्या घरी रडगाणं गातेस?"

"बाई, आम्हांस रोग्याच्याच तोंडचे हवे," हैबतराव हळहळून म्हणाले आणि औषधाच्या यादीतून तुळाजीचे नाव खोडिले. मग येसूबाईची पाळी आली. तीस दमा होता. परंतु तिचीही जीभ अडली आणि तिने नुसती नकाराची मान हलविली. ऐसे तीनशेही खडखडीत निघाले आणि दरबारी नौबत झडली.

मग भट राहुटीराहुटीतून फिरले. "म्हणा, पाय दुखतो. त्यात महाराजांचा अपमान नाही." तुळाजीने तीनदा म्हणून दाखविले आणि हसला. "वैद्यबुवा, तुमच्यापुढे येतं. त्या भल्या माणसापुढे येत नाही." भटांनी पदरचे औषध वाटिले, ते आठ दिवसांत सरले. अंगठ्याचे विष मांडीस चढले आणि पुढील पौर्णिमेच्या चार दिवस आधी तुळाजी वारला. महाराजांनी दहनास सरपण धाडिले.

मग पौर्णिमेस येसूबाई आपण होऊन पुढे आली. "लिहा. मला दमा आहे. चार पावलं चालले की छाती भरते. तुम्ही सरपण दिलंत, उपकार झाले. त्याआधी औषध हवं होतं." छावणी खाली पाहू लागली. शेजारीण भागाक्का, तीही दमेकरीच, कुजबुजली, "शोभतं का गं तुला?" आणि बाकी सारे पुन्हा खडखडीत. हैबतरावांनी डोळे पुसले आणि ऐकिले तैसे लिहिले: छावणीत रोगी एक.

अमात्य म्हणाले, "दोन पौर्णिमांत तीनशेंचा एक झाला! आता एका बाईसाठी दवाखाना ठेवावा तर शेजारचे राजे हसतील." मग भटांस शालजोडी मिळाली, दवाखाना उठला आणि येसूबाईस एक महिन्याचे औषध देऊन बोळवण केली. तिने त्यातले निम्मे भागाक्काच्या राहुटीत नेऊन ठेविले.

"मला काही नाही हो," भागाक्का म्हणाली आणि पुडी पदराखाली घेतली.

येणेप्रमाणे सुधारणा सिद्धीस गेली. देणारे दयाळू होते, घेणारे भिडस्त होते आणि लिहिणाराने खोटे अक्षर लिहिले नाही. फाल्गुनअखेर माळावरची दीडशे माणसे वारली, त्यांत या दोघीही.