खाकी विजारीची मोहीम

आज्ञा जाहली की, आगारातील खाकी विजारींचा जो झगडा जाहला त्याची हकीगत अव्वलपासून अखेरपर्यंत लिहून ठेवावी, म्हणजे मागून येणाऱ्या चालकांस आपली कंबर कोणाच्या पराक्रमाने सुटली हे कळेल. त्याजवरून वेळनोंदीवरील कारकुनाने, पाहिले ते पाहिले म्हणून आणि ऐकिले ते ऐकिले म्हणून, पदरचे फारसे न घालता लिहिले आहे. वाचणारांनी सावध चित्ते वाचावे. बसून वाचावे हे बरे. उभ्याने वाचणाऱ्याची विजार आमच्या आगाराच्या बनावटीची असली तर एक हात तिजकडेच गुंतून राहील, मग पान उलटणार कोण?

आगार म्हणजे सत्तर बसगाड्यांचे ठाणे. त्यावर हुकमत आगारप्रमुखसाहेबांची; परंतु खरी दहशत जामदारांची. जामदार म्हणजे गणवेशाच्या कोठीचा कारभारी. त्यांनी बावीस वर्षे ती कोठी राखिली. कोठीत विजारींची मापे तीन, लहान, मध्यम आणि मोठे. चौथे माप मागणे म्हणजे बंडाळी. चालक दारात उभा राहिला की जामदार एक डोळा बारीक करून त्यास नखशिखान्त न्याहाळीत आणि "मध्यम!" ऐसे फर्मावीत. मग तो चालक ताडासारखा असो की पिंपासारखा, मध्यम तो मध्यम. कोणी कुरकुर केली तर जाबसाल ठरलेला असे की, विजारीत खोट नाही, खोट देहात आहे, देह सुधारून आणावा. ऐसे ऐकून भलेभले शरमिंदे होत आणि आपल्याच पोटास व पायांस बोल लावीत माघारी फिरत.

या मुलखात चालकताईंचा प्रवेश जाहला. आगारातल्या पहिल्या स्त्री चालक त्याच. उंचीने ठेंगण्या, बांध्याने भरलेल्या, सात नंबरच्या गाडीवर नामजाद. हात ऐसा सफाईदार की वळणावर उभ्या प्रवाशाच्या पेल्यातील चहा हिंदकळू नये. त्यांस जामदारांनी मध्यम विजार बहाल केली. ती नितंबावर आवळे, कमरेवर वीतभर उघडी पडे, आणि पायांत इतकी लांब की खाली चार दुमडी घालाव्या लागत. खिसा म्हणावा तर त्यात दोन बोटे शिरत, तिसऱ्यास मज्जाव. पट्टा घट्ट केला की कापडाच्या चुण्या गोळा होऊन पाठीमागे गाठोडे बांधल्यासारखे दिसे, आणि सैल केला की काय होई ते लिहिण्याचे प्रयोजन नाही. ताईंनी तीन वेळा अर्ज गुजारला. तिन्ही वेळा उत्तर आले की, अर्ज योग्य नमुन्यात नाही. ताई घरी म्हणाल्या, "विजार नमुन्यात नाही त्याचं काय?" परंतु ते घरात म्हणाल्या, सबब त्याची नोंद दप्तरी नाही.

ऐशात शाळेजवळच्या उतारावर तो प्रसंग गुदरला. सकाळची वेळ, गाडी भरलेली, पुढे भाजीवाल्याची हातगाडी आडवी आली आणि ताईंनी ब्रेकवर पाय टाकिला. तो दुमड सुटली, विजारीची मोहरी पेडलच्या कोपऱ्यात अडकली आणि पाय अर्ध्यातच थांबला. गाडी उतारावर, पाय कापडाच्या कैदेत. ताईंनी सारे बळ एकवटून पाय असा हासडला की शिवण टराटरा फाटली, मग ब्रेक लागला, आणि गाडी हातगाडीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. प्रवासी एकमेकांच्या अंगावर लोटले, कोणाचा चष्मा गेला, कोणाची पिशवी सांडली, पण इजा कोणास जाहली नाही. भाजीवाला दुधीभोपळा छातीशी धरून पुतळ्यासारखा उभा होता. ताई स्टिअरिंगवर हात ठेवून बसल्या होत्या. मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, बसा थोडं. आम्हाला घाई नाही." तेव्हा ताईंच्या डोळ्यांत पाणी आले.

घरी खलबत बसले. ताईंचे यजमान दातांच्या कवळ्या बनविण्याच्या हुन्नरातले. त्यांनी आजवर पट्टा घट्ट लावण्यापलीकडे मसलत दिली नव्हती; पण त्या दिवशी फाटकी मोहरी हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि बोलले, "मी तोंडाचं माप घेतल्याशिवाय एक दात बसवत नाही. आणि हे लोक माप न घेता अख्खा माणूस बसवतात!" त्यांच्या मातुश्री, म्हणजे ताईंच्या सासूबाई, छत्र्यांच्या कारखान्यात तीस वर्षे कापडाच्या त्रिकोणी कळ्या शिवून निवृत्त जाहलेल्या. त्यांनी काही न बोलता शिवणयंत्रावरचे झाकण काढिले.

"आई, कात्री लावायची परवानगी नाही हो. नियम आहे."

"नियम ब्रेक दाबतो का तुझा?" ऐसे म्हणून सासूबाईंनी कात्री चालविली. कंबर उकलली, मागे त्रिकोणी कळी भरली, मोहरी छाटली आणि खिसा ऐसा खोल केला की त्यात अख्खा मोबाईल मावून वर रुमाल राहावा. दुसरे दिवशी ताई ती विजार लेवून आगारात आल्या. त्यांची चालच पालटली होती. आमच्या खिडकीसमोरून त्या गेल्या तेव्हा, काही तरी वेगळे घडले आहे एवढे आम्हांस कळले, काय ते कळले नाही.

जामदारांस मात्र तत्क्षणी कळले. अंगावर बसलेली विजार त्या आवारात त्यांनी बावीस वर्षांत पाहिली नव्हती. त्यांनी इतल्ला दिली की, आगाराच्या मालमत्तेस कात्री लावून तिची नासधूस केल्याचा गुन्हा शाबीत आहे. आगारप्रमुखांनी त्यावर मोहोर केली. आणि ताईंस सात नंबरवरून उतरवून, वरिष्ठ तपासनीस येऊन निवाडा करीपर्यंत, गाड्या धुण्याच्या हौदावर नेमिले.

ती बारा दिवसांची तैनाती म्हणजे शिक्षा. परंतु मोहिमेचे मर्म तेथेच हाती लागले. हौदापाशी गाडी आली की चालक उतरतो. ताई पाण्याची नळी धरून पाहात. जो उतरे त्याचा डावा हात कमरेवर. एक नाही, दोन नाही, झाडून सारे. ताईंस आजवर वाटे की ही पुरुषांची ऐट. तेराव्या गाडीच्या लंबू चालकास त्यांनी सरळ विचारिले.

लंबूने इकडेतिकडे पाहिले आणि सदरा किंचित वर केला. विजार सुतळीने बांधलेली. "हातापाया पडून मोठी मिळवली. लांबी पुरते, पण आत अजून एक माणूस मावतो," तो म्हणाला. "ताई, कुणाला सांगू नका हां. माझीच कंबर बारीक आहे."

मग हळूहळू एकेकाने गुपित उघड केले. कोणी बटण न लावताच पाळी काढी आणि उतरताना पोटाशी पिशवी धरी. कोणी चार पिना लावी, त्यांतली एक रोज टोचे. जो तो म्हणे, माझे पोट वाईट, माझे पाय आखूड, माझी ठेवणच चमत्कारिक. ऐसे पन्नासावर शूर शिपाई एकाच शत्रूकडून स्वतंत्रपणे पराभूत होत होते आणि एकाची शिकस्त दुसऱ्यास ठाऊक नव्हती. ताईंस आधी हसू आले, मग संताप आला.

निवाड्याच्या आदल्या दिवशी दुपारी विश्रांतीच्या खोलीत त्यांनी सर्वांस गोळा केले आणि मनसुबा सांगितला. इज्जतीचा मामला होता. कोणी छताकडे पाहिले, कोणी डब्याचे झाकण उगाच लाविले व काढिले. सर्वांत जुने चालक, ज्यांस सगळे आजोबा म्हणत, ते कोपऱ्यात बसले होते. निवृत्तीस दोन महिने उरलेले. ते म्हणाले, "बावीस वर्षं धरून ठेवलीये. उद्या सोडतो."

मग कोणी नाही म्हणाले नाही. एकाने तेवढे विचारिले, "आत काय घालायचं?" त्यावर दीर्घ मसलत होऊन ठरले की, प्रत्येकाने गुडघ्यापर्यंतची बरीशी चड्डी घालावी, भोके असलेली नको.

दुसरे दिवशी वरिष्ठ तपासनीससाहेबांची स्वारी दाखल जाहली. साहेब कडक, कागदाबाहेर न जाणारे, परंतु चालताना पाय किंचित ओढीत होते, कारण नवे बूट चावत होते. आगाराची कुल सिबंदी पटांगणात रांगेने उभी केली. जामदारही, त्याच खाकी विजारीत, रांगेच्या टोकास उभे राहिले. आरोपाचे कलम वाचले गेले. साहेबांनी ताईंस विचारिले की, कात्री लाविली हे कबूल आहे की नाही.

"कबूल आहे साहेब. शिक्षा द्या. पण आधी एकच करा. सगळ्यांना दोन्ही हात वर करायला सांगा."

"त्याचा इथे काय संबंध?"

"साहेब, दोन हातांनी गाडी चालवायची असते. दोन्ही मोकळे आहेत का, तेवढं बघा."

साहेबांस यात कागदाबाहेरचे काही दिसले नाही. त्यांनी हुकूम फर्माविला. प्रथम आजोबांनी हात वर केले आणि त्यांची विजार संथपणे, एखादा पडदा उतरावा तैसी, घोट्यांपाशी जाऊन विसावली. मग लंबूची गेली. मग उजवी फळी गेली, डावी फळी गेली, काही विजारी गुडघ्यांवर अडल्या, काही पिनांवर लोंबकळल्या, आणि पाहतापाहता चव्वेचाळीस विजारी जमीनदोस्त जाहल्या. माणसे मात्र ताठ उभी. कोणी हसले नाही. पटांगणात कमरेवर टिकलेली साबूत विजार एकच, ती गुन्हेगाराची.

रांगेच्या टोकास जामदारांनी एकच हात वर केला होता.

साहेब म्हणाले, "दुसरा?"

जामदारांचा चेहरा लाल जाहला. ओठ हलले. अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "साहेब, नको."

तो क्षण ताईंचा होता. शत्रू हाती आला होता. एका शब्दात त्याची बेइज्जत करिता आली असती. ताईंनी त्यांच्याकडे पाहिले, मग साहेबांकडे. "राहू द्या साहेब," त्या म्हणाल्या. "त्यांचं समजलं."

साहेब खुर्चीवर बसले, टेबलाखाली उजव्या बुटातून टाच बाहेर काढिली, एक लांब सुस्कारा टाकिला आणि लेखणी मागितली. हुकूम लिहिला तो ऐसा की, चालकताईंनी मालमत्तेची नासधूस केली नसून दुरुस्ती केली आहे. त्यांस सात नंबरवर तत्काळ रुजू करावे. यापुढे प्रत्येक देहाचे माप घेऊन विजार शिवावी. आणि ते काम कोणास जमते याची चौकशी ताईंच्या घरी करावी.

त्याप्रमाणे सासूबाई मापपट्टी गळ्यात घालून आगारात आल्या आणि तीन दिवस मापे घेत बसल्या. आम्ही वही घेऊन शेजारी. चव्वेचाळीस सांगितले की चव्वेचाळीसच लिहायचे, आकडा आवडला नाही म्हणून एकही माप बदलायचे नाही, ऐसा त्यांचा दंडक. तिसरे दिवशी संध्याकाळी, सारे गेल्यावर, जामदार आले. समोर उभे राहिले, खांदे मागे घेतले आणि पोट आत ओढून धरिले.

सासूबाई पट्टी धरून थांबल्या. "श्वास सोडा," त्या म्हणाल्या. "तुमचंच पोट आहे. त्याला कुठं लपवताय?"

"बाई, मला वाटायचं..." जामदार इतकेच बोलले.

"सगळ्यांनाच वाटायचं. सोडा."

तेव्हा जामदारांनी श्वास सोडिला, पोट आपल्या जागी येऊन स्वस्थ बसले, सासूबाईंनी मोठ्याने आकडा सांगितला आणि आम्ही तो वहीत लिहिला. मोहीम फत्ते जाहली. खाडाखोड नाही. हे विदित व्हावे.