सात नंबर चारी व्हेनिस बघायला निघाली

आमच्या बोरमाळ वस्तीवरच्या सात नंबर चारीनं व्हेनिस बघायला जायचं ठरवलं, आणि सोबतीला मला घेतलं.

चारी म्हणजे मोठ्या कालव्यातून शेतांकडं पाणी नेणारा लहान पाट. धरणातून पाण्याची पाळी सुटली की ती बोलत नाही, तोंड भरलेलं असतं. पाळी संपून कोरडी पडली की मग बोलते. ती खोदली त्याच साली मी या वस्तीवर नवरी होऊन आले, आणि माझं घर तिच्या काठालाच, त्यामुळं आमचं जमतं. सुनेबद्दल, म्हणजे शालनबद्दल, मला जे बोलायचं असतं ते मी चारीजवळ बोलते. शालनलाही माझ्याबद्दल जे बोलायचं असतं ते ती तिच्याजवळच बोलते. चारीनं आजवर इकडचं तिकडं केलं नाही. पाणी सोडून.

व्हेनिसचं तिला कळलं कॅलेंडरवरून. लोक जुनी कॅलेंडरं, फुटके फोटो, सुकलेले हार, सगळं आणून तिच्यातच टाकतात. असंच एक पान वाहत येऊन पाणी अडवायच्या तिच्या दाराच्या फळीला अडकलं. पानावर रस्ते नसलेलं गाव होतं. घरांच्या मधून कालवे, कालव्यांत होड्या, आणि पुलावर माणसं दाटीनं उभी राहून खाली बघत होती. पाळी संपेस्तोवर चारीनं ते पान सोडलं नाही. कोरडी पडल्या पडल्या मला म्हणाली, "गजरा, ही एवढी माणसं म्हशी धुवायला आलीत का गं?"

मी म्हणलं, "नाही. नुसती बघायला आलीत."

"काय बघायला?"

"कालवेच."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, मला तिथं जायचंय. मी म्हणलं, बरं. ती म्हणाली, बरं नाही, जायचंच आहे.

घाई होती त्याला कारण होतं. उन्हाळी पाळी झाली की सात नंबरला जमिनीखाली पाईपात घालायचं पाटबंधाऱ्याच्या ऑफिसनं ठरवलेलं. पाणी वाचतं, चोरी थांबते, सगळं खरं. पण पलीकडची पाच नंबर चारी मागल्या वर्षी तशीच खाली गेली. आता तिच्या जागेवरून चालताना हाक मारली तर हूं म्हणते, पण लांबून, उशीत तोंड घातल्यासारखी. सात नंबरला हे ठाऊक होतं. म्हणाली, "खाली गेल्यावर मला काही दिसायचं नाही आणि मीही कुणाला दिसायची नाही. त्याआधी एकदा बघून येते, लोकांनी बघावं असं त्यांच्यात काय असतं."

मग आम्ही तयारीला लागलो. पहिल्यांदा रंभाजीला सांगितलं. रंभाजी आमचा पाटकरी, चारीचं दार उघडायचं आणि लावायचं काम त्याचं. तो मला आत्या म्हणतो. त्याला नवल वाटलं नाही. त्यानं डोकं खाजवलं आणि सरळ मुद्द्याचं विचारलं, "आत्या, तिकडं पाळी कधी असते?"

हे आम्हा दोघींनाही सुचलं नव्हतं. एवढं लांब जायचं, आणि नेमकी त्यांची पाळी नसली तर काय बघायचं? कोरडे खड्डे तर इथंही आहेत. तर तालुक्याला जाऊन सहलवाल्याला विचारायचं ठरलं. चारीला तालुक्याला नेता येत नव्हतं, म्हणून रंभाजीनं सहलवाल्यालाच मोटरसायकलवर बसवून काठावर आणलं. धारूरकर नावाचा, केसाला जेल लावलेला पोरगा. बांधावर रुमाल टाकून बसला आणि कधी निघायचंय विचारू लागला.

रंभाजी म्हणाला, "त्यांची पाळी सुटली की."

"कसली पाळी?"

"पाण्याची. दोन पाळ्यांच्या मधे किती दिवस जातात तिकडं?"

धारूरकर म्हणाला, तिथं बारा महिने पाणी असतं.

"मग दार कोण लावतं?"

"दार नसतंच काका."

"आणि पाळी नसताना पाणी जातं कुठं?"

"कुठंच जात नाही. ते तिथंच असतं. नुसतं."

रंभाजीनं तंबाखू मळायची थांबवली. मग चारीनं हळू आवाजात विचारलं, की मग ते कालवे दिवसभर काम काय करतात. धारूरकर म्हणाला, काही नाही, सुंदर दिसतात. मी चारीकडं बघितलं. तिच्या बुडाला कुठंतरी ओल आली होती. कोरड्या दिवसांत तिला अशी ओल कधी येत नाही.

आता परवानगी. पाटबंधाऱ्याचे आमच्या भागाचे निमोणकर साहेब तरुण आहेत, शिकलेले आहेत, बोलायला गोड आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "आजी, चारीनं दोन पाळ्यांच्या मधे सुट्टी घेतली तर माझं काही म्हणणं नाही. रिकामीच तर पडून असते. अडचण एकच आहे. ती सरकारी मालमत्ता आहे. तिला एकटीला सोडता येत नाही, कुणाच्या तरी ताब्यात द्यावी लागते."

मी म्हणलं, "मी आहे की पाठराखीण."

साहेब हसले. "आजी, पाठराखीण नव्या नवरीबरोबर जाते. चारी तर तुमच्या संसाराएवढी जुनी."

"वयाचं काय घेऊन बसलात साहेब? जी कधी घराबाहेर पडली नाही ती नवीच. तुमच्या मंडळींबरोबर पाठराखीण आली होती ना लग्नात?"

साहेबांचा चेहरा जरासा उतरला. त्यांच्या लग्नातली पाठराखीण मला ठाऊक होती, माझ्याच मावसबहिणीची जाऊ. लग्न उन्हाळ्यात झालं, ती दिवाळी करूनच गेली. साहेब म्हणाले, पाठराखीण असेल तर हरकत नाही, पण मुक्काम लांबवू नका. पाळीच्या आधी चारी जागेवर पाहिजे. पाळी झाली की काम सुरू. मी म्हणलं, शब्द देते. शब्द नेमका कशाचा दिला ते त्यांनी विचारलं नाही.

शालननं आधी तोंड वाकडं केलं. म्हणाली, आत्याबाई, तुम्हाला साधी एसटी लागते. मी म्हणलं, विमान लागत नाही, बसून बघितलंय का मी कधी? मग तिनं दशम्या केल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली, आणि चारीची ओटी भरली. खण, नारळ, मूठभर तांदूळ. चारीच्या ओटीत तांदूळ टाकायचे म्हणजे कुठं टाकायचे असा प्रश्न होता. दाराशी टाकले. चिमण्यांनी खाल्ले. चारी म्हणाली, चालतंय.

न्यायची कशी याचा घोर रंभाजीला होता, पण ते सोपं निघालं. तिनं स्वतःला शेपटाकडून गुंडाळत आणलं, सतरंजीसारखं. चारी म्हणजे मुळात खड्डा, आणि खड्ड्याला वजन नसतं. विमानतळावरच्या बाईंनी तिला काट्यावर ठेवलं तर काटा हललाच नाही. बाई म्हणाल्या, यात काय आहे? मी म्हणलं, काहीच नाही, तीच तर ती. बाईंनी पुढं जाऊ दिलं. माझ्या चटणीला मात्र अडवलं.

चारी गेली तिथं सपाट जमीन राहिली. शालननं त्याच दिवशी त्यावर कोथिंबीर टाकली.

व्हेनिसचं मी फार सांगत नाही, कॅलेंडरवर आहे तसंच आहे. तिथले कालवे सरकून बसले आणि दोन घरांच्या मधे त्यांनी आमच्या चारीला जागा करून दिली. आपलं पाणीही दिलं. चारी माझ्या कानाशी म्हणाली, मीठ जास्त झालंय. मी म्हणलं, पाहुण्याच्या घरी नावं ठेवू नये, गप पी. मी काठावर बसून राहिले. पाठराखिणीनं नवरीपासून हलायचं नसतं, म्हणून लोकच मला खायला आणून देत होते. गार गोड काहीतरी द्रोणात घालून देत. मी चार चवींचं खाल्लं. शालनला हे सांगितलेलं नाही.

मग एक काळी लांब होडी चारीतून गेली. चारीतून आजवर म्हशी गेल्या, चपला गेल्या, एकदा रंभाजी गेला. होडी पहिलीच. आणि पुलावरच्या एका जोडप्यानं वाकून चारीचा फोटो काढला. चारीला ते दिसलं. ती इतकी ताठ झाली की होडी अडकून बसली, आणि होडीवाल्यानं मला हात जोडले. मी चारीला म्हणलं, अगं श्वास सोड. ती म्हणाली, "थांब जरा. अजून एक काढतायत."

निघायच्या वेळी कालवे आम्हाला पोचवायला कडेपर्यंत आले. मी सगळ्यांना म्हणलं, "आता तुम्ही या आमच्याकडं. सगळे या. येताना पाणी घरी ठेवून या बरं का, आमच्या पिकांना खारं चालत नाही." असं निघताना कुणीही म्हणतं. पण मी काही उगाच तोंडदेखलं म्हणलं नव्हतं. चारीनं माझ्याकडं बघितलं, मग तिनंही म्हणलं, या.

पाळीच्या आधी आम्ही जागेवर होतो. शालननं कोथिंबीर उपटून जुड्या बांधल्या आणि चारी आपल्या जागी पसरली. रंभाजीनं दार उघडलं. पाळी नेहमीसारखी झाली, शेतं भिजली. बोलणं अर्थात बंद होतं, पण त्या खेपेला पाणी जरा डौलात चाललं होतं, असं रंभाजी म्हणतो.

चारी कोरडी पडली त्या सकाळी काठावर पोकलेन आलं, ट्रकातून काळे पाईप आले, आणि त्यांच्या मागून निमोणकर साहेब आले. मला म्हणाले, "झालं ना आजी सगळं बघून?"

"आम्हाला झालं बघून. आता तिकडचे बघायला यायचेत."

"कोण?"

"व्हेनिसचे कालवे. आमंत्रण देऊन आलोय."

"किती जण?"

"सगळ्यांनाच बोलावलंय. एकाला म्हणायचं आणि दुसऱ्याला नाही, हे बरं दिसतं का साहेब?"

साहेब चारीकडं वळले आणि खरं का म्हणून विचारलं. चारी म्हणाली, "खरं आहे. आणि ते मला बघायला येणारेत. मी वरच पाहिजे."

साहेब बाजूला गेले आणि वरच्या साहेबांशी फोनवर बोलले. बराच वेळ हो सर, हो सर चाललं होतं. परत आले तेव्हा म्हणाले, की बाहेरदेशचे पाहुणे यायचे असतील तर त्यांच्यासमोर घर उकरून ठेवणं वरच्यांना योग्य वाटत नाही. पाहुणे येऊन बघून जाऊ देत, मग काम. कधी यायचेत?

मी म्हणलं, येतील.

पोकलेनचा माणूस लिंबाखाली झोपून झोपून कंटाळला आणि मशीन घेऊन दुसऱ्या कामावर गेला. साहेब चकरा मारायचे, आले का विचारायचे. मी चहा पाजून पाठवून द्यायची. रंभाजीला वाटू लागलं होतं की आत्यानं सगळ्यांना गंडवलं. शालनलाही तसंच वाटत होतं, ते तिनं चारीला सांगितलं असणार. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. चारीला मात्र वाटत नव्हतं. ती रोज आपला तळ झाडून, काठावरचं गवत नीट करून बसायची. मी एकदा म्हणलं, अगं लांबचा पल्ला आहे, नाही जमलं त्यांना तर? ती म्हणाली, "मी गेलेच ना?"

ते एका सकाळी आले. मी चूल पेटवत होते. बाहेरून शालननं हाक मारली, "आत्याबाई, माणसं आलीत. म्हणजे माणसं नाहीत." आमच्या रानात, बांधाच्या कडेकडेनं, पाच नंबरच्या सपाट जागेपर्यंत कालवे उभे होते. लहान, मोठे, वाकडे. सांगितल्याप्रमाणं पाणी घरी ठेवून आलेले, सगळे कोरडे. एकानं होडी आणली होती, ती बाभळीला टेकवून ठेवली. सगळे वाकून आमच्या चारीकडं बघत होते. चारी ताठ झाली होती, पण मी यावेळी तिला काही बोलले नाही.

साहेबांना रंभाजीनं आणलं. साहेबांनी एवढे कालवे बघितले, टोपी काढली, पुन्हा घातली. मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "आजी, हे परत कधी जायचेत?"

"पाहुण्यांना असं विचारत नसतात साहेब. आधी पाणी विचारतात. एवढ्या लांबून कोरड्या घशानं आलेत."

साहेबांनी पाहुण्यांकडं बघितलं. पाळीला अवकाश होता. त्यांनी पुन्हा फोन काढला, हातात धरला, आणि न लावताच खिशात ठेवला. रंभाजीला म्हणाले, "दार उघड."

पाणी आलं. आधी चारीत, मग चारीनं एकेकाला दिलं. ती बोलत नव्हती, तोंड भरलेलं. पिऊन झाल्यावर पाहुण्यांतला एक थोराड कालवा पाच नंबरच्या जागेवर गेला, जमिनीला कान लावला आणि तिला हाक मारली. ती हूं म्हणाली. मग बाकीचेही तिथं जाऊन बसले.

आता पाऊसकाळ तोंडावर आलाय. पाईप अजून बांधावरच पडलेत, शालन त्यांच्यावर गोधड्या वाळत घालते. साहेब अधूनमधून येतात, होडीत बसून शेपटापर्यंत जाऊन येतात. पाहुणे आहेत अजून.