मुन्शीजींची सुतळी

मी एका माणसाविरुद्ध निनावी अर्ज केला, आणि तो साफ चुकीचा निघाला.

अर्जात मी लिहिलं होतं की, देऊळघाटच्या कोंडवाड्याचे मुन्शी हबीबखां हे कोंडलेल्या म्हशींचं दूध भर दुपारी चोरून काढतात, तरी सरकारने चौकशी करावी. खाली सही केली नाही. 'एक सत्यप्रिय रहिवासी' एवढंच लिहिलं. सही नाही म्हणजे आपण कोणाला सापडत नाही, अशी माझी तेव्हा प्रामाणिक समजूत होती. गावात मराठी शाळा एक, मास्तर मी एक, आणि ओळ संपली की पुढे फुलाची पाकळी काढणारा माणूसही एकच, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही. माणूस स्वतःच्या अक्षरावर खूष असला की असं होतं.

कोंडवाडा शाळेला लागूनच होता. दगडी भिंत, एक फाटक, फाटकाला सागाचा आडवा अडसर. मोकाट जनावर कोणाच्या कपाशीत शिरलं की शेतवाला ते हाकत आणून मुन्शीजींच्या ताब्यात देई, आणि मालक येऊन, भांडून, दंड भरून सोडवून नेई. मुन्शीजी फाटकाबाहेर कडुनिंबाखाली एका भल्यामोठ्या उंच तिवईवर बसत. इतक्या उंच की, पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस झाडावर चढता चढता मध्येच थांबला आहे.

मी शाळेत हजर झालो त्या दिवशी हे गृहस्थ शाळेच्या वरच्या पायरीवर भिंतीला टेकून उभे होते आणि टोकाला खडा बांधलेली एक सुतळी खालच्या पायरीवर सोडत होते. वय असेल पस्तिशीचं. मी बावीसचा.

"काय मोजताय?" मी विचारलं.

"पायरी."

"कशाला?"

"वाढली."

"पायरी कशी वाढेल?"

"थेच त पाहून राह्यलो. गेल्या साली हे पायरी मी एका दमात चढलो. औंदा तीन दम लागले. मी त थोच हाये. मंग काऊन?" मग माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलं. "मले शक हाये."

खडा खालच्या दगडाला टेकला. सुतळीवर एक गाठ होती, ती वरच्या दगडाच्या काठाशी बरोबर आली. मी म्हणालो, "गाठ तर जुळली की!"

त्यांनी सुतळी गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. "सुतळीवर बी शक हाये," म्हणाले.

'मले शक हाये' हे तीन शब्द मी त्या माणसाच्या तोंडून पुढे किती वेळा ऐकले त्याला गणती नाही. विहिरीची बादली कोणीतरी बदलून मोठी ठेवली, हा शक. सुतार दर पावसाळ्यात अडसर काढून नेतो आणि त्याच्या जागी जड लाकूड बसवतो, हा शक. यासाठी त्यांनी अडसरावर चुन्याची खूण केली होती. खूण जागच्या जागी राहिली, तेव्हा सुताराला चुना कुठून मिळाला याची चौकशी केली. शाळेत आठवड्याचं वर्तमानपत्र येई. ते ऐकायला ते पायऱ्या चढून येत, आणि एकेका बातमीवर मान हलवत, "छापणाऱ्यानं बदलली असन." दवाखान्याचं तेच. हकीम म्हणाला उष्णता, वैद्य म्हणाला वात, आणि बुलढाण्याचा डॉक्टर म्हणाला की अंगातलं मांस हळूहळू कामातून जात आहे, याला औषध नाही. हे मला त्यांनी स्वतः, हसत हसत सांगितलं. सगळ्यात जास्त शक त्यांना डॉक्टरचा होता. "औषधच नाही देल्लं बे त्यानं! असा कुठं डॉक्टर असते?"

मीही हसलो. मला त्यात बातमी दिसली नाही, विनोद दिसला. कारण मुन्शीजींच्या पोटऱ्या पाहिल्या तर आखाड्यातल्या पहिलवानाने लाजावं! असल्या पोटऱ्यांचा माणूस अडसर उचलायला माळ्याच्या गड्याला हाक मारतो, म्हणजे तो आळशी, असा माझा सरळ हिशेब होता.

त्यांच्या टोपीचंही असंच. खोलीच्या दारामागे त्यांनी दोन खिळे डोक्याच्या उंचीवर ठोकले होते. त्यांवर टोपी पालथी अडकवलेली असे. मुन्शीजी भिंतीला कपाळ टेकवत, टोपीखाली डोकं घालत आणि हलकेच मागे सरत. टोपी डोक्यावर! हात लावायचं काम नाही. मी याला ऐट समजलो. आणि सलाम? कोणी साहेब आला की लोक हात कपाळाला नेत. मुन्शीजी कपाळच हाताकडे आणत, अगदी कमरेत वाकून. साहेब लोक खूष. तालुक्यात एवढा नम्र मुन्शी दुसरा नाही, असा लौकिक झाला. मी मनात म्हणे, काय हा लाळघोटेपणा!

थोडक्यात, ते जगावर शक घेत आणि मी त्यांच्यावर.

आता दुधाकडे येतो. मला दूध सखूबाई माळिणीच्या म्हशीचं होतं. सखूबाई मळ्यात वांगी-मिरच्या करी, तोंडाची फटकळ. तिची मंगळी नावाची म्हैस आठवड्यातून दोन-तीनदा कोंडवाड्यात जमा होई. दावं सुटलं की कोणाच्या पिकात तोंडही न घालता सरळ फाटकाशी येऊन उभी! मुन्शीजी तिला ओंजळभर सरकी घालत. सखूबाई येऊन रस्ताभर ऐकू जाईल अशी भांडे आणि घेऊन जाई. त्या दिवशी माझं दूध निम्मं.

शाळेच्या खिडकीतून कोंडवाड्याचा आतला भाग दिसे. दुपारी मुलं जेवायला गेली की मुन्शीजी इकडे पाहत, तिकडे पाहत, आत जात आणि फाटक लोटून घेत. मंगळीजवळ एकदम खाली दिसेनासे होत. बराच वेळ काही नाही. मग मंगळीच्या अंगावर एक हात दिसे. मग दुसरा. मग तिच्या मानेजवळून त्यांचं डोकं सावकाश वर येई, घामाने भिजलेलं. पुन्हा इकडे-तिकडे पाहणं. चोर नाही तर काय? खाली बसून, घाम गाळून माणूस म्हशीजवळ दुसरं करणार काय? मी वर्षभर पाळत ठेवली आणि अर्ज लिहिला. दोनदा लिहिला, पहिल्या प्रतीत एक पाकळी नीट जमली नव्हती.

बुलढाण्याहून इन्स्पेक्टर आले. कडुनिंबाखाली सतरंजी पसरली, साहेबांना खुर्ची दिली, गाव जमलं. मी साक्षीदार नव्हतो, पण चौकशीच्या दिवशी शाळेला सुट्टी मीच दिली आणि पुढे जाऊन बसलो.

"मुन्शी, बसा," साहेब म्हणाले.

"साहेब, उभा बरा हाये."

साहेबांच्या भुवया वर गेल्या. "माझ्यासमोर बसायचं काय वावडं आहे? बसा!"

मुन्शीजी बसले म्हणता येणार नाही. वरून पोतं सोडावं तसे ते सतरंजीवर आले. मला आतून बरं वाटलं. म्हटलं, घाबरला!

साहेबांनी अर्ज वाचून दाखवला. मुन्शीजींनी तो पाहायला मागितला, एकवार नजर फिरवली आणि परत दिला. चेहऱ्यावर काही नाही. मग सखूबाईची पाळी.

"तुमच्या म्हशीचं दूध मुन्शी काढतात?"

"कोन म्हन्ते? आना त्याले माह्या म्होरं!"

मी कडुनिंबाची पानं पाहू लागलो.

"मग कोंडवाड्याच्या दिवशी दूध कमी का?"

"दिवसभर कोंडून राह्यली त दूध कुठून देईन? अन् थ्या दिसी कमी भेटन म्हून मी गिऱ्हाइकायले सांगतलं हाये. मास्तरले बी सांगतलं. इचारा!"

खरंच सांगितलं होतं. मला तेव्हा आठवलं.

साहेबांनी कागद मिटला. "ठीक. पण दुपारी फाटक लोटून आत काय करता, ते मला जागेवर दाखवा. उठा."

"साहेब, तुमी पुढं व्हा. मी आलोच."

"नाही. माझ्याबरोबर चला. उठा!"

मुन्शीजींनी दोन्ही तळवे सतरंजीला लावले. मग गुडघ्यांना. मग पुन्हा सतरंजीला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. आणि ते पाहणं मी वर्षभर खिडकीतून पाहिलेलंच होतं! खिडकीतून दिसणारा तो हात दुधावर नव्हता, मंगळीच्या मानेवर होता; तिला धरून ते वर येत होते. हा माणूस दुपारच्या नमाजाला आत जात होता, चार लोकांसमोर नाही, कारण खाली बसल्यावर त्याला उठता येत नव्हतं. त्या पोटऱ्याही बळाने नव्हे, रोगानेच फुगलेल्या. आणि आता ते सरकारसमोर दिसणार होतं. कोंडवाड्याचा मुन्शी अंगाने धडधाकट लागतो. जमिनीवरून उठू न शकणाऱ्याला ती जागा कोण ठेवील? बायको कधीच वारलेली, मूलबाळ नाही. ती तिवई आणि तो कडुनिंब एवढाच त्यांचा संसार. आणि तो मी पाकळ्या काढून उठवायला निघालो होतो.

मी हललो नाही. हेही लिहून ठेवतो.

हलली सखूबाई. "साहेब, पयले म्हैस त पाहा!" म्हणत तिने फाटकाशी उभ्या असलेल्या मंगळीला थेट सतरंजीवर आणलं. साहेब खुर्चीसकट मागे सरले. "मुन्शीभाऊ, हिच्या कानात गोचीड हाये का पाहा बरं. सकाळपासून कान झाडून राह्यली."

मंगळीने सवयीने मान खाली केली. मुन्शीजींनी तिच्या गळ्यातलं दावं दोन्ही हातांनी धरलं. ती एक पाऊल मागे सरली, मान वर घेतली, आणि मुन्शीजी तिच्याबरोबर वर आले. कानात डोकावून म्हणाले, "गोचीड नाही."

मी गावाकडे पाहिलं. पाटील जोड्याला लागलेला चिखल पाहत होते. न्हावी आभाळ पाहत होता. चाळीस माणसं होती, आणि चाळीसही जणांनी बरोबर त्या वेळी दुसरीकडे मान फिरवली होती. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वर्षभर पाळत ठेवणारा मी, आणि माहीत नसलेला मीच एकटा.

दुपारी आत काय चालतं याचं उत्तर साहेबांना गोचिडीत मिळालं. त्यांनी शेरा लिहिला : 'तक्रारीत तथ्य नाही. मुन्शी जनावरांची काळजी घेतो.'

दोन दिवसांनी मुन्शीजी शाळेच्या पायरीवर सुतळी सोडत होते. मी माफी मागायला गेलो आणि हवापाण्यावर बोलू लागलो. त्यांनी गाठ पाहिली. बरोबर आली होती.

"आमच्या अब्बाचं असंच झालं," ते सुतळीकडे पाहतच म्हणाले. "पयले पायरी, मंग बादली, मंग टोपी. मंग खाट. मी लहानपणी त्यायले हसो. आता एकेक नंबर येऊन राह्यला."

"मग हे मोजता कशाला? पायरी तेवढीच आहे, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाये. तरी दर साली अल्लाले मागतो, यंदा एक बोटभर तरी वाढलेली निघू दे." सुतळी गुंडाळली. "नाही निघत."

मी अर्जाचं पुन्हा गिळलं. त्यांना कुठे माहीत आहे, असं स्वतःला समजावलं.

वर्षं गेली. सुताराने एक दिवस सागाचा अडसर काढून गुपचूप बांबू बसवला. मुन्शीजींनी तीन दिवस सुतारावर नजर ठेवली. टोपीचे खिळे दोनदा खाली आले. मंगळी गेली, तिची नात दाव्यावर आली. तिलाही सरकीची वाट पाठ झाली. मुन्शीजींची दाढी पांढरी झाली. पायरीला आता आठ-आठ दम लागत, आणि वर्तमानपत्र ऐकायला येणं महिन्यातून एकदावर आलं. मी खाली येऊन वाचून दाखवतो म्हटलं, तर म्हणाले, "काऊन? काय लपवून राह्यले तुमी?"

एका दिवाळीच्या सुट्टीत मी गवंडी बोलावला आणि प्रत्येक दोन पायऱ्यांच्या मध्ये अर्ध्या उंचीचा एक दगड बसवून घेतला. देखरेख माझीच. त्यामुळे एक दगड डावीकडे झुकला, एक उजवीकडे, आणि पहिल्याच दिवशी त्यावरून मी स्वतः पडलो.

सुट्टी संपल्यावर मुन्शीजी आले. एका दगडाला एक दम, असं करत वर आले. सुतळी काढली, सोडली. खडा मधल्या दगडाला टेकला आणि गाठ वरच्या दगडाच्या काठाच्याही वर, हवेत राहिली. जन्मभर ज्याचा शक घेतला ते अखेर कोणीतरी खरोखर केलं होतं. डोळे पुसायला हात वर जात नव्हता, म्हणून त्यांनी चेहरा भिंतीकडे केला.

"मास्तर, पायरी लहान झाली."

"असं? कोणी केली असेल?"

"काम वाकडं हाये. मले शक हाये."

मला एकदम धीर आला. मी छाती पुढे काढून म्हणालो, "मुन्शीजी, उद्यापासून दुपारी मी येत जातो. माझा हात धरा आणि उठा. म्हशीचं काय काम?"

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"नाही मास्तर, म्हैसच बरी. उठवते बी, अन् अर्ज नाही लेहत."