आतल्या पानावरची बातमी

आमच्या शेजारच्या माणिक कंडक्टरानं मीठ सोडलं त्या दिवशी गल्लीत कुणाच्याच आमटीला चव राहिली नाही. ह्यानं स्वतःपुरतं सोडलं असतं तर कुणाचं काय जात होतं? पण हा गडी घरोघर हिंडला. चुलीपाशी जायचा, मिठाची बरणी उचलायचा आणि बायांचा हात पोचणार नाही अशी वर आढ्याला खोचायचा. आमच्या घरात शिरला तेव्हा माझी बायको सोजर कालवणाला फोडणी देत होती.

"वहिनी, थांबा! पेपरात आलंय. मीठ म्हंजे पांढरं इख हाय. त्येनं रगत वर चढतंय."

"चढू द्या की भाऊजी," सोजर म्हणाली. "खाली ऱ्हाऊन तरी कुणाचं भलं करायलंय?"

पण तिनं त्याला बरणी वर खोचू दिली. तो गेल्यावर मला म्हणाली, "आता तुम्ही चढा वर, तुम्ही गवंडी हाव."

मी जन्मभर लोकांच्या भिंती बांधल्या. शाळा म्हणाल तर तिसरी. अक्षराला अक्षर लावून वाचतो, पण ओळीच्या शेवटाला जाईस्तोवर सुरुवात विसरते. कंडक्टर मात्र सातवी पास. यष्टीतून रिटायर होऊन आला तेव्हा पेन्शनीबरोबर दोन गोष्टी घेऊन आला. एक, पेपर वाचायची सवय. दुसरी, तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. तो जमा करायचा राहिला म्हणे. खरं खोटं त्याला ठाऊक.

आमचं गाव उदगीर-देवणीच्या रस्त्याला. फाट्यावर एक हॉटेल, तिथं दुपारच्या गाडीनं पेपर यायचा. गाडीच्या आधी कंडक्टर हजर. पेपरातलं राजकारण ह्याला नको, खून-मारामारी नको. मधलं पान उघडायचं आणि आरोग्याची बातमी हुडकायची. बातमी पटली की खिशातला चिमटा काढून तिच्यावर टिक! भोक. लई पटली तर दोन भोकं. हॉटेलवाला बोंबलायचा, "आरं, मागल्या बाजूला कापसाचा भाव हुता, त्येचं डोकंच गेलं!" हा म्हणायचा, "भाव उद्या बदलंल. काळीज एकदाच मिळतंय. पुढं सरका."

"पुढं सरका" हे त्याचं कायमचं. आणि बोलणं संपलं की "डबल बेल!" माणसाचं शरीर म्हणजे यष्टी असं त्याचं मत. "पोटात सीटा मोजून हायत, नामदेवा. वरून कोंबले तर स्प्रिंगा बसत्याल." मी एकदा विचारलं, की मग आमच्यासारख्यांची गाडी जन्मभर रिकामीच पळाली, तिचं काय? तर म्हणतो, "रिकाम्या गाडीचं इंजिन टिकतंय." भुकेला एवढं गोड नाव मी दुसऱ्या कुणाकडून ऐकलं नाही.

लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराला तर ह्याला ऊतच आला. सगळ्या गावाला आनंद झाला, की आता कोर्टकचेरीला उस्मानाबादेपर्यंत तंगडतोड नको. हा एकटा काळजीत. पारावर बसून सांगायचा, "उस्मानाबादेत हुतो तवर आपल्याला ताप, हगवण आन इच्चू, एवढंच. आता आपुन जिल्ह्याच्या जवळचे झालो. आता बीपी व्हणार. शुगर व्हणार. गपचिप बसू नगा."

पहिला बीपी स्वतःलाच झाला असं त्यानं ठरवलं. दवाखान्यात जाऊन पट्टा बांधून आला. डॉक्टर म्हणाला, काही नाही. तर ह्याचं तोंड उतरलं. "मशीन जुनं असंल," म्हणाला.

मग आलं चालणं. पेपरात आलं, रोज पायी चालावं, काळीज बळकट होतं. हा पांढरा शर्ट घालून, हात हलवत, उगवतीला रस्त्यानं निघायचा. समोरून बाया डोक्यावर दोन-दोन घागरी घेऊन यायच्या. पाऊस दगा देऊन गेलेला, गावची हीर तळाला गेलेली, पाणी पार माळापलीकडच्या मळ्यातून आणायचं. हा त्यांना म्हणायचा, "बाई, रोज चालत जावा. काळजाला बरं असतंय." एक म्हातारी थांबली. म्हणाली, "माजं काळीज पैलवान झालंय बग. तुला दिऊ का? ही घागर बी घे संगट." त्या दिवसापासून हा मागच्या पांदीनं चालायला जाऊ लागला.

पण खरा कहर पाण्याचा. टँकर एक दिवसाआड यायचा, तोही मनाला आलं तर. अशात पेपरानं छापलं, की सकाळी उठल्याबरोबर तोंड न धुता तांब्या-तांब्या पाणी प्यावं, पोट साफ राहतं. ह्यानं घरातला रांजण खरवडला. बायकोनं रांजणावर पाट ठेवून त्याच्यावर बैठक मारली, तसा हा आमच्या दारात. सोजरनं काही न बोलता तांब्या भरून दिला. मी मात्र बोललो. "कंडक्टर, आमच्या वाटणीचं पाणी तुझ्या मुताला चाललंय. निदान आमच्या परसात येऊन तरी मूत, कडुनिंब जगंल."

आला की हो! दुसऱ्या दिवशीपासून इमानानं आमच्या कडुनिंबाला येऊन उभा राहायचा. सोजर पदरात तोंड घालून हसायची. झाड जगलं, हे खोटं सांगणार नाही.

ह्याची बायको शांताबाई म्हणजे खमकी. मीठ झालं, साखर झाली, मग तेल. गावात सगळे करडईचं तेल खाणारे. ह्याला एका बातमीनं ते वाईट ठरवून रेशनचं पामतेल आणायला लावलं. थोड्या दिवसांनी पेपरात आलं, काळजाला करडईसारखं तेल नाही. हा बाटली घेऊन घाण्याकडं पळाला. शांताबाई दारात उभी राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "एक दिस असं छापून येऊ द्या, की नवऱ्यानं गप बसल्यावर बायकूचा बीपी उतरतो. मीच भोक पाडते तिला!"

सगळी गल्ली ह्याला हसायची. मीही हसायचो, सगळ्यात मोठ्यानं. एक सोजर तेवढी हसून झाल्यावर विचारायची. संध्याकाळी भाकरी थापता थापता, भिंतीपलीकडं आवाज द्यायची, "भाऊजी, काय म्हणतोय पेपर?"

की हा आलाच. उंबऱ्यात बसून सगळं सांगायचा. ती काही पाळायची नाही. बरणी वर गेली की मी खाली काढायचो. पण ऐकायची पुरतं. मी म्हणायचो, कशाला नादी लागतीस? तर म्हणायची, "आवं, जन्मभर 'कुठं जायचं, कुठं जायचं' म्हणून लोकांना इचारलं त्या माणसानं. त्येला कुणी तरी इचारावं की."

ती सोजर गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि तिला घेऊन गेला. लातूरच्या दवाखान्यात नेलं होतं. जास्त सांगत नाही.

आमच्याकडं मयत झालेल्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी आणतात आणि घरच्या माणसाला बळंच एक घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. तो घास कंडक्टरानं आणला. माझ्यासमोर बसला. मला वाटलं, आता पेपर काढणार. काढला असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. पण हा एक अक्षर बोलला नाही. घास हातात धरून बसून राहिला. मी तोंड उघडलं नाही. शेवटी त्यानं तो घास माझ्या हातात ठेवला आणि माझी मूठ मिटवली. मग उठून गेला. डबल बेलसुद्धा नाही.

सोजरच्या नावानं पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले. पोरगं लातूरला नव्या कचेरीच्या बांधकामावर, ते म्हणालं, चला माझ्यासंगं. मी नाही म्हणालो. घरात सोजरची चूल, तिच्यापुढं मी. पीठ होतं, पण घास घशाखाली उतरेना. अंगावरचं मांस गेलं, धोतराची गाठ राहीना. मरायचं असं काही ठरवलं नव्हतं. पण जगायची घाई बी नव्हती.

आणि एका संध्याकाळी कंडक्टर उंबऱ्यात. एका हातात फडक्यानं झाकलेलं ताट, काखेत पेपर.

"नामदेवा, उंबऱ्यात ये. पेपरात आलंय, आत अंधारात बसून खाल्लं की अन्न पचत न्हाई."

"मला भूक न्हाई."

"भूक नसताना खाल्लं की जास्त लागू पडतंय. त्ये बी आलंय."

भांडायला अंगात जोर लागतो. तो नव्हता म्हणून मी खाल्ली चतकोर भाकरी. उरलेली ठेवली, तर हा लगेच, "अर्धी भाकर ठिवू नगं. मोडलेल्या भाकरीत जंतू व्हतेत. पुरी संपवावी."

दुसऱ्या दिवशी नवीन. एकट्यानं जेवलं की पोटात वारा धरतो, म्हणून तो समोर बसणार. त्याच्या पुढच्या दिवशी, पिठलं गरम असतानाच खावं, गार झाल्यावर त्यातली ताकद निघून जाते. मग एकदा, जेवताना कुणी शिव्या दिल्या तर चालतात, उलट त्यानं पाचक रस सुटतो. म्हणून मी त्याला मनसोक्त शिव्या देत जेवलो. लई दिवसांनी दीड भाकरी गेली त्या दिवशी.

मला वाटायचं, काय छापत असतील हे पेपरवाले! ह्यांना दुसरा धंदा नाही का? त्या दिवसांत मीठ, साखर, तेल सगळं बंद झालं होतं छापायचं. नुसती भाकरीवर बातमी. पण माझं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं. मी विचार केला नाही.

मग टँकर चार दिवस आलाच नाही. बाया रिकाम्या घागरी घेऊन फाट्यावर गेल्या आणि रस्त्यावर आडव्या बसल्या. मीही गेलो, घरात बसून तरी काय करायचं होतं? दिवसभर तिथंच होतो. उदगीरकडून काही आलं नाही, देवणीकडून काही आलं नाही. बैलगाडीसुद्धा सोडली नाही बायांनी. हॉटेलवाला रिकाम्या बाकावर पडून होता. "गाडी न्हाई, गिऱ्हाईक न्हाई, पेपर न्हाई," म्हणाला. "आज कंडक्टर काय खायाचं त्ये कसं ठरवणार?"

ऊन कलल्यावर तहसीलचा माणूस आला, टँकर कबूल करून गेला, बाया उठल्या. मी घरी येऊन टेकलो.

थोड्या वेळानं कंडक्टर उंबऱ्यात. हातात ताट. काखेत पेपर.

मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं ताट ठेवलं, पेपर उघडून तोंडापुढं धरला. जुनाच होता. सगळा भोकं भोकं पडलेला, चाळणीसारखा. मावळतीचं ऊन त्या भोकांतून येत होतं आणि ताटातल्या भाकरीवर बारीक बारीक ठिपके पडत होते. पेपर थरथरला की ठिपके बी थरथरायचे.

"आज पेपरात..." तो म्हणाला आणि थांबला. काय सांगावं ते सुचत नव्हतं त्याला. लई दिवस झाले होते, भाकरीवरच्या बातम्या तरी किती असणार?

माझ्या तोंडावर आलं होतं, की भाड्या, आज तर गाडीच आली नाही. आलं होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. निघाल्यावर माझं मलाच कळलं, की हा आवाज ह्या उंबऱ्यात किती दिवसांत झाला नव्हता.

मी म्हणालो, "काय म्हणतोय पेपर?"

पेपर खाली झाला. कंडक्टराचे डोळे भरलेले. एवढा मोठा बाप्या, सात तालुक्यांच्या गर्दीला शिव्या घालून सरळ केलेला, नाक वर ओढत बसला होता.

"म्हणतोय," तो म्हणाला, "म्हणतोय की... वहिनीच्या हातचं कालवण आळणी बी चांगलं लागायचं."

"आळणी कधीच नसायचं," मी म्हणालो. "बरणी मी खाली काढायचो."

"ठावं हाय मला," तो म्हणाला. "म्या वरून बगायचो की, भिंतीवरनं."

मग मी भाकरी मोडली. अर्धी माझ्यापुढं, अर्धी त्याच्यापुढं सारली. तो नको म्हणाला. मी म्हणालो, "एकट्यानं खाल्लं की वारा धरतो. गप खा."

भिंतीपलीकडून शांताबाईचा आवाज आला, "भाऊजी, वाचून झालं आसंल तर ताट द्या पाठवून. उद्या बी लागतंय."

कंडक्टरानं खिशातून चिमटा काढला. कशाला भोक पाडावं ते बघत राहिला. पेपरावर तर जागाच उरली नव्हती. शेवटी हवेतच दाबला.

टिक.

"पुढं सरक," मी म्हणालो, आणि त्याला पिठल्याची वाटी दिली.