झाकला ग्लास सव्वा लाखाचा

दर गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता विलिबर्ट ओवेराथ आपल्या लेकीच्या बिअरच्या कारखान्यात येऊन बसायचा आणि समोरची बिअर न पिता कशी संपवावी, याचा विचार करायचा. त्या गुरुवारी समोर आली ती गढूळ पिवळी होती. ‘‘काका, हिच्यात पाइनचे कोवळे कोंब आहेत, आणि शेवटी आंबा लागतो,’’ असं तिथं वाढणाऱ्या यानिनानं ग्लास ठेवता ठेवता सांगितलं. विलिबर्टनं घोट घेतला. आधी पाइन लागला, मग आंबा लागला, आणि मग बराच वेळ त्या दोघांचं भांडण लागलं.

कोलोनच्या एरेनफेल्ड भागातल्या एका जुन्या शेडमध्ये त्याच्या लेकीनं, युडिथनं, हा ‘तिरपा बगळा’ सुरू केला, त्याला वर्ष होत आलं होतं. अख्खं तरुण कोलोन तिथं लोटत होतं. चिंचोळ्या मिश्या, रंगवलेले केस, गळ्यात बांधलेली तान्ही पोरं, सगळे रांगेत. लोक घोट घेऊन डोळे मिटत आणि ‘अहाहा’ म्हणत. डोळे विलिबर्टचेही मिटायचे, पण त्याचं कारण वेगळं होतं. बोलायची मात्र चोरी! एकेक बिअर त्याच्या पोरीनं स्वतः उकळलेली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

विलिबर्ट चाळीस वर्षं कोबेस होता. कोबेस म्हणजे जुन्या बिअरगृहातला निळ्या एप्रनचा वाढपी. पण त्याला नुसता वाढपी म्हणालात तर तो तुम्हाला दाराबाहेर काढील. गिऱ्हाइकानं मागायचं नसतं. चार घोटांचा उंच, बारीक ग्लास रिकामा झाला, की कोबेस तो उचलतो आणि भरलेला आदळतो. वर एखादा अपमान फुकट. महापौर येवो नाहीतर धर्मगुरू, सगळ्यांना सरसकट अरे-तुरे. हे चक्र थांबवायचा एकच उपाय: ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. झाकला ग्लास म्हणजे ‘बास, पुरे’. मग कोबेसही पुढं सरकतो.

आणि त्या ग्लासात असायची ती कोल्श, कोलोनची आपली बिअर. फिकट, साधी, निवळशंख. तिला कशाचाच वास नसायचा. विलिबर्टला तिची अशी काही आठवण यायची, की कधीकधी ट्राममध्ये बसल्या बसल्या त्याच्या हाताची बोटं तो बारीक ग्लास धरल्यासारखी वळायची.

आता तुम्ही म्हणाल, कोलोनमध्ये कोल्शला काय तोटा? बरोबर आहे. दोन गल्ल्या ओलांडल्या की मिळत होती. पण तिथं युडिथ नव्हती. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको ट्रूडे गेली, आणि तेव्हापासून बापलेक एकमेकांशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलत होते. ‘‘बरा आहेस ना बाबा?’’ ‘‘छान, छान. तू?’’ ‘‘छान.’’ एवढंच. पूर्वी ही पोरगी त्याच्या तोंडाला तोंड द्यायची, जेवणाच्या टेबलावर दोघांची अशी जुंपायची की ट्रूडे पळी आपटायची. ते सगळं कुठं गेलं कोण जाणे. गुरुवारी पाचच्या सुमारास युडिथ टाक्यांमागून पाच मिनिटं बाहेर यायची, शेजारी बसायची. त्या पाच मिनिटांसाठी विलिबर्टनं पाइन, आंबा, समुद्राचं मीठ आणि एकदा तर बीटसुद्धा गिळलं होतं.

तर त्या गुरुवारी दुसरा घोट घ्यायचं त्याच्या जिवावर आलं, आणि हातानं आपलं आपण चाळीस वर्षांचं वळण गिरवलं. त्यानं चकती उचलली आणि भरल्या ग्लासावर ठेवली.

यानिना हॅनोव्हरहून आलेली. तिला यातलं काय ठाऊक! ‘‘काका, का झाकलंत?’’

विलिबर्टला खोटं बोलता येत नसे, नुसतं आखडतं बोलता येई. ‘‘वासासाठी,’’ तो म्हणाला. म्हणजे तो बाहेर येऊ नये म्हणून.

‘‘अय्या! आत कोंडून ठेवायचा? हे मला कुणीच शिकवलं नाही!’’ यानिना म्हणाली आणि लगबगीनं आत गेली.

पुढच्या गुरुवारी विलिबर्ट आला तेव्हा चार टेबलांवर ग्लास झाकलेले होते. त्याच्या नेहमीच्या जागेशेजारी एक दाढीवाला वही घेऊन बसला होता. त्याचं नाव टॉर्बन. इंटरनेटवर बिअरविषयी लिहायचा आणि हजारो लोक ते वाचून प्यायचे.

‘‘साहेब, किती वेळ झाकायचं?’’ टॉर्बननं अदबीनं विचारलं.

‘‘जितकं जास्त तितकं बरं.’’

‘‘तरी साधारण?’’

विलिबर्टनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. त्याची ट्राम यायला सात मिनिटं होती. ‘‘सात मिनिटं,’’ तो म्हणाला.

टॉर्बननं ते आकड्यात लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या.

झालं! झाकली मूठ सव्वा लाखाची असते, हे माहीत होतं; झाकल्या ग्लासाचीही तेवढीच होते, हे त्या पंधरवड्यात कळलं. ‘जुनी कोलोन पद्धत’ म्हणून टॉर्बननं ती जगजाहीर केली. म्युन्स्टरहून लोक आले, बॉनहून आले. पुठ्ठ्याच्या चकत्या संपल्या, तेव्हा लाकडी झाकणं करून घेतली. टेबलाटेबलावर वाळूची घड्याळं आली. सात मिनिटं शंभर माणसं आपापल्या झाकलेल्या ग्लासाकडं अशी पाहत बसायची, जसं काही आत अंडं उबतंय. अस्सल कोलोनचा एखादा म्हातारा चुकून आत आलाच, तर बाप रे, इथं कुणालाच बिअर नको आहे, असं म्हणून परत जायचा.

विलिबर्टच्या खुर्चीवर पितळी पाटी लागली: ‘विलिबर्ट यांची जागा’. ही मोठी पंचाईत झाली. पूर्वी तो ग्लास अर्धामुर्धा तसाच टाकून निसटायचा. आता सात मिनिटं झाली की सगळी शेड त्याच्याकडं वळायची. त्याला झाकण काढावं लागे, हुंगावं लागे आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यावं लागे. त्यानं तोंड वाकडं केलं, तर टॉर्बन लिहायचा, ‘चेहऱ्यावर गहन भाव’. त्याला ठसका लागला, तर शेजारचे चारजण ठसकायचा प्रयत्न करायचे. घरी गेल्यावर विलिबर्ट नुसते उकडलेले बटाटे खाऊन निजायचा.

पण खरं दुःख बिअरचं नव्हतं. गर्दी वाढली तशी युडिथची ती पाच मिनिटं गेली. आता ती आली तरी उभ्या उभ्या यायची, पाहुण्यांना त्याच्यापाशी आणायची. एकदा तर कुणा कोपनहेगनच्या माणसाला म्हणाली, ‘‘हे आमचे विलिबर्ट.’’ ‘माझा बाबा’ नाही म्हणाली. विलिबर्टनं हात मिळवला, हसला, आणि त्या रात्री बटाटेही त्याच्या घशाखाली उतरले नाहीत. पोरीला भेटता यावं म्हणून गड्यानं एवढी विषं पचवली, आणि त्यातूनच अशी कीर्ती झाली की पोरगीच भेटेनाशी झाली. सांगणार कुणाला?

‘तिरप्या बगळ्या’चा पहिला वाढदिवस रविवारी दुपारी होता. दोनशे माणसं जमली होती. मधल्या टेबलावर एकच काळा ग्लास, झाकलेला. युडिथनं ही बिअर खास त्याच्यासाठी केली होती.

‘‘धुरी दिलेला प्लम, बीट आणि थोडीशी मिरची,’’ ती म्हणाली. का कुणास ठाऊक, बोलताना ती त्याच्याकडं रोखून बघत होती. ‘‘तुला आवडेल ना, बाबा?’’

‘‘छान, छान,’’ विलिबर्ट सवयीनं म्हणाला. अजून चाखलीही नव्हती.

वाळू खाली उतरली. झाकण निघालं. विलिबर्टनं मोठा घोट घेतला. आधी धूर आला, मग माती आली, आणि मग मिरची आली ती थेट कानात गेली. दोनशे माणसं श्वास रोखून उभी. विलिबर्टच्या आतला कोबेस गेलं वर्षभर मुकाट बसला होता. तो खाडकन उठला.

‘‘अरे, ही काय प्यायची आहे की छपराला फासायची?’’

अख्खी शेड हास्यानं दणाणली.

‘‘हसता काय, गाढवांनो! मला यातलं काहीही आवडत नाही! कधीच आवडलं नाही! आंबा खायचा असतो, पाइनच्या फळ्या करायच्या असतात! मी ते झाकायचो ते पुरे म्हणून, पुरे!’’

टाळ्या पडल्या. कुणी शिट्टी मारली.

‘‘आणि तू, दाढीवाल्या! तुझ्या दाढीत उरलेली बिअर पिळली तर म्हैस धुऊन निघेल!’’

टॉर्बनच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. ‘‘मला बोलले! मला!’’ असं तो शेजाऱ्याला सांगू लागला. मागच्या रांगेतली एक बाई ओरडली, ‘‘आम्हालाही काहीतरी बोला ना!’’ विलिबर्ट घसा फोडून खरं सांगत होता, आणि जितकं खरं सांगत होता तितका लोकांचा आनंद वाढत होता. त्यानं मान वळवून युडिथला शोधलं. सगळ्या शेडमध्ये ती एकटीच हसत नव्हती. ती वळली आणि टाक्यांमागं निघून गेली.

विलिबर्टनं ग्लास टेबलावर ठेवला. तो गर्दीतून वाट काढत तिच्यामागं गेला. ती एका पिंपावर बसली होती, त्याच्याकडं पाठ करून.

‘‘युडिथ. पोरी. मी खरंच बोललो. तुझी एकही बिअर मला पिता येत नाही.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘माहीत आहे?’’

‘‘बाबा, मी कोबेसची मुलगी आहे. तू पहिल्यांदा भरल्या ग्लासावर चकती ठेवलीस ना, तेव्हा मी आतून बघत होते. शंका आधीपासून होतीच. जग म्हणत होतं, काय दर्दी म्हातारा! मला तेवढं कळलं, की बापाला पुरे झालंय.’’

‘‘मग बोलली का नाहीस?’’

‘‘तू का नाही बोललास?’’ ती गर्रकन वळली. डोळे लाल होते. ‘‘सगळ्या गावाला शिव्या घालायचास, आणि मला काय, तर छान, छान! आई गेल्यापासून मी तुला पाहुणी झाले का रे? मी मुद्दाम एकेक भयंकर प्रकार करत गेले. म्हटलं, आता तरी भडकेल. बीट झालं, मीठ झालं, आज मिरची टाकली. कधीतरी म्हणशील, पोरी, हे काय गटार उकळलंयस?’’

विलिबर्टला वाटत होतं, लेकीचं मन आपण जपतो आहोत. आणि लेक वर्षभर त्याच्या एका शिवीची वाट पाहत होती.

‘‘म्हणू का?’’ त्यानं हळूच विचारलं.

‘‘म्हण.’’

मग विलिबर्टनं सुरुवात केली. पहिल्या गुरुवारपासून एकेक बिअर घेतली. गूझबेरीवालीला तो गंजलेल्या नळाचं पाणी म्हणाला. कॉफीवालीनं बुटाला पॉलिश करता येईल म्हणाला. समुद्राच्या मिठावरून त्यानं युडिथच्या लहानपणच्या सगळ्या आजारांचा हिशेब काढला. ती हसत होती, रडत होती आणि मध्ये मध्ये तोंड देत होती: ‘‘तुझी कोल्श तरी काय, थंड केलेला चहा!’’ ‘‘तोंड सांभाळ, कार्टे!’’ ‘‘तू सांभाळ, म्हाताऱ्या!’’ बाहेर लोक अजून टाळ्या वाजवत होते. तीन वर्षांचं साचलेलं होतं, ते काही लवकर संपेना.

शेवटी त्याचा घसा कोरडा पडला. मिरचीही अजून कानातून उतरली नव्हती.

‘‘बरं, जरा पाणी दे,’’ तो म्हणाला.

युडिथनं डोळे पुसले, एप्रनला हात पुसले, कमरेवर ठेवले, आणि बापाला पायांपासून टकलापर्यंत न्याहाळलं.

‘‘पाणी? आंघोळ करणार का? साबण-टॉवेल पण आणू?’’

बिअरगृहात येऊन पाणी मागायची हिंमत करणाऱ्या प्रत्येकाला विलिबर्टनं चाळीस वर्षं हेच ऐकवलं होतं. त्याला स्वतःला ते आजवर कुणी ऐकवलं नव्हतं. तो तिच्याशेजारी पिंपावर बसला. त्याला इतकं बरं ट्रूडे गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

पाणी मात्र मिळालं नाही, ते नाहीच.